चौपन्न टक्क्यांची सीट

उदगीरच्या स्टँडवर हैदराबादची बस लागली तेव्हा अण्णांच्या हातात दुसऱ्याच्या मुलाच्या यशाचा पेढा होता.

पेढा देणारे गृहस्थ म्हणजे अण्णांच्या क्लासमधल्या एका मुलाचे वडील. मुलाला मेडिकलला नंबर लागणार हे नक्की झालं होतं, म्हणून ते भर स्टँडवर अण्णांच्या पाया पडले. "सर, सगळं तुमच्यामुळं." मग त्यांचं लक्ष माझ्या बॅगेकडं गेलं.

"ताई कुठं निघाल्या?"

"हैदराबादला," अण्णा म्हणाले.

"अरे वा! कशाला?"

अण्णांनी उरलेला पेढा तोंडात टाकला, बोटं रुमालाला पुसली आणि माझी बॅग उचलली. "चला, बस लागली."

आईनं खिडकीतून डबा दिला. "पोचल्यावर फोन कर. आणि मंदाअक्कांकडं परक्यासारखी वागू नको, भूक लागली की सांग." अण्णा मात्र मागंच थांबले. भिंतीवरचं वेळापत्रक वाचत उभे राहिले, जे त्यांना पाठ होतं. बस हलली तेव्हा त्यांनी हात वर केला. तो मला निरोप होता की गाडी जाऊ द्या म्हणून ड्रायव्हरला इशारा, हे काही मला बिदर येईपर्यंत ठरवता आलं नाही.

ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची. मला बारावी सायन्सला चौपन्न टक्के मिळाले होते.

चौपन्न म्हणजे नापास नाही, हे सगळ्यांना मान्य होतं. पण आमच्या घराच्या दारावर दर वर्षी एक मोठा फ्लेक्स लागायचा. वर अण्णांचं नाव, 'गणित', आणि खाली क्लासमधल्या गुणवंतांचे फोटो. प्रत्येक फोटोखाली ब्याण्णव, चौऱ्याण्णव, सत्त्याण्णव. त्या फ्लेक्सखालून मी दोन वर्षं रोज आत-बाहेर केलं. त्याच क्लासमध्ये, तिसऱ्या बाकावर बसून, त्याच सरांकडून गणित शिकले आणि गणितात पन्नासला पोचले. निकालाच्या दिवशी अण्णा मला एक शब्दही रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "पुन्हा बसू या. एक वर्षाचा तर प्रश्न आहे." त्या 'बसू या'मध्ये तेही माझ्याबरोबर बसणार होते, हे मला माहीत होतं, आणि त्याचीच मला धडकी भरली होती. आणखी एक वर्ष, तोच बाक, आणि समोर खडू घेऊन उभा असलेला, काही न बोलणारा बाप.

मला वाचवलं ते मंदाआत्यानं. अण्णांची ही चुलत बहीण त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. जन्मापासून हैदराबादला, जामबागेतल्या एका जुन्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, बरकतपुऱ्यात एकटी राहणारी. निकाल कळल्यावर तिचा फोन आला. अण्णांनी स्पीकर चालू केला होता, त्यामुळं सगळं मला ऐकू आलं.

"वसंता, पोरीला इकडं पाठव. इथं सरकारी विद्यापीठात एंट्रन्स घेतात. बारावीला पन्नासच्या वर पाहिजे, बस्. पुढचं सगळं त्या परीक्षेवर."

"अक्का, एवढ्या टक्क्यांना कोण घेतं?"

"नाही घेतलं तर तिला वापस पाठवते. खामखा परेशान होऊ नको."

अण्णांनी फोन ठेवला. आईच बोलली. घरातला शेवटचा शब्द सहसा तिचा नसायचा, पण त्या दिवशी तिनं पोळी लाटता लाटता सांगून टाकलं, "जाऊ दे तिला. इथं राहिली तर रोज तो फ्लेक्स बघेल."

इमलीबनच्या बसस्टँडवर आत्या मला घ्यायला आली होती. बुटकी, जाड भिंगाचा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. मला पाहताच तिनं रिक्षावाल्याशी असं काही बोलणं सुरू केलं की हीच माझी आत्या का असा प्रश्न पडावा. "क्या मियाँ, बरकतपुरा जाने कू इत्ता बोलते? कल का बच्चा समझे क्या?" आणि लगेच माझ्याकडं वळून, शुद्ध मराठीत, "ये गं बाळ, दमलीस का?"

तिची मराठी अशीच होती. वर्गात ती व्याकरणाला एवढी कडक की मुलं घाबरायची, आणि घरात मात्र बोलताना कुठली भाषा कुठं संपते याचा पत्ता नाही. 'नक्को', 'हौ', 'जरा सबर कर', मध्येच खालच्या वॉचमनला तेलुगूत दोन शब्द. सुरुवातीला मला हसू यायचं. आता माझ्याच तोंडात ते सगळं बसलंय आणि उदगीरला गेले की माझ्या भाच्या मला हसतात.

दुसऱ्याच दिवशी ती मला सुलतान बाजारला घेऊन गेली. कापडाच्या दुकानांच्या गर्दीतून वाट काढत आम्ही जुन्या पुस्तकांच्या दुकानांपाशी पोचलो. तिथं तिनं प्रवेश परीक्षेची पुस्तकं निवडायला सुरुवात केली. निवडायची तऱ्हा वेगळीच. पानं उलटून ती बघायची की आधीच्या मालकानं पेन्सिलीनं काय काय लिहिलंय. "हे घे. ह्या मुलानं प्रत्येक चुकीपुढं 'का?' लिहिलंय. ह्याला काहीतरी समजलं असणार."

पुढचे चार आठवडे मी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून अभ्यास केला. आत्याला विज्ञानातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती समोर भेंडी नाहीतर गवार घेऊन बसायची आणि म्हणायची, "मला समजाव. मला समजलं, तर तुला आलं."

"आत्या, हे कठीण आहे. तुला नाही समजायचं."

"तीस वर्षं मुलांना समास समजावले मी. तुला एक न्यूटन समजावता येईना?"

मी समजवायला लागायचे आणि दुसऱ्या वाक्याला अडकायचे. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आपल्याला कुठं काय येत नाही. अण्णांच्या वर्गात साठ मुलं होती. फळ्यावर उत्तर आलं की सगळे मान हलवायचे, आणि मीही हलवायचे. इथं मान हलवायला कुणी नव्हतं. समोर भेंडीचा देठ काढणारी एक म्हातारी होती, आणि ती "मग?" एवढंच म्हणायची.

मी अण्णांना दोष देत नाही. ते चांगले शिक्षक होते, अजूनही आहेत. पण मुलीला न समजलेलं बापाला सांगायचं धाडस मुलीत नव्हतं, आणि विचारायचं धाडस बापात नव्हतं. हे आता कळतं.

परीक्षा झाली. पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. दुसरीतही नव्हतं. वेटिंग लिस्टमध्ये मात्र होतं, बरंच खाली. मी घरी फोन केला तेव्हा अण्णांनी फक्त "बरं" म्हटलं आणि फोन आईकडं दिला. मी बॅग भरायला घेतली. आत्या दारात येऊन उभी राहिली.

"काय चाललंय?"

"परत जाते. अण्णा म्हणत होते तेच बरोबर होतं."

"वसंताचं गणित बरोबर असतं. बाकीचं सगळं बरोबर असतं असं नाही. ती बॅग खाली ठेव. उरलेल्या जागांचा एक दिवस असतो, तेवढा होऊ दे."

तो दिवस मंगळवार होता. विद्यापीठाच्या आवारात मोठमोठ्या दगडी शिळा एकमेकांवर रचल्यासारख्या उभ्या होत्या आणि त्यांच्या सावलीत आई-वडील आणि मुलं बसली होती. नावं पुकारली जात होती. ज्यांना हवा तो विषय मिळत नव्हता ते निघून जात होते आणि रांग पुढं सरकत होती. चारच्या सुमाराला माझं नाव आलं. खिडकीतल्या बाबूंनी कागदावरून बोट फिरवलं.

"जियालजी में दो सीट है. होना क्या?"

जिऑलॉजी. भूशास्त्र. मी आत्याकडं पाहिलं.

"दगडांचं ना?" ती म्हणाली.

"हो."

"मग घे की. शाळेत आम्ही ज्यांना दगड म्हणायचो त्यातले निम्मे माझ्यापेक्षा हुशार निघाले."

मी 'हो' म्हटलं. बाबूंनी कागद तपासायला सुरुवात केली आणि एका ठिकाणी थांबले. महाराष्ट्र बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट नव्हतं. दुसऱ्या राज्यातून येणाऱ्याला ते लागतं, हे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं होतं. मीच वाचलं नव्हतं. चूक सर्वस्वी माझी होती. ते बाबू चांगले होते. म्हणाले, "परसों चार बजे तक लाओ. उस के बाद मेरे हाथ में नहीं है, अम्मा." 'अम्मा' म्हणायची इथली पद्धत आहे, अठरा वर्षांच्या पोरीलाही म्हणतात. मला त्या शब्दानं एकदम रडूच आलं.

सर्टिफिकेट मिळणार लातूरला, बोर्डाच्या ऑफिसात. मी हैदराबादला. मध्ये एक दिवस. घरी आल्यावर मी आत्याला म्हटलं, आईला सांगू, ती मामाला पाठवेल. आत्यानं माझ्या हातातून फोन घेतला आणि सरळ अण्णांना लावला.

"वसंता, पोरीला सीट मिळाली आहे. एक कागद कमी आहे. तो तूच आणायचा. दुसऱ्या कुणाला पाठवू नको."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. आत्यानं फोन ठेवला आणि भाताला कुकर लावला. मी विचारलं तर म्हणाली, "काय म्हणेल? मास्तर आहे. होमवर्क दिला की करतो."

बुधवारचा दिवस कसा गेला ते विचारू नका. आईकडून तुकड्या-तुकड्यानं कळत होतं. अण्णा दिवसा शाळेत शिकवायचे, तिथं त्यांनी रजा टाकली. पंचवीस वर्षांत त्यांनी ऐन सत्रात रजा घेतल्याचं आईला आठवत नव्हतं. क्लासच्या दारावर 'आज सुट्टी' अशी पाटी लागली. माझ्या कॉलेजमध्ये जाऊन प्राचार्यांची सही घेतली, मग लातूर. तिथं दुपारभर बाकावर बसून राहिले. संध्याकाळी फोन आला, कागद मिळाला, पहाटेच्या बसनं निघतोय.

गुरुवारी आत्या आणि मी अकरापासून त्या खिडकीपाशी उभ्या होतो. बारा वाजले, एक वाजला. जहीराबादजवळ रस्त्याचं काम होतं, बस अडकली होती. अण्णांच्या फोनची रेंज जात-येत होती. अडीच वाजता त्यांचा फोन आला, "शहरात आलोय, इथून कुठली बस?" आत्यानं त्यांना बसचा नंबर सांगितला आणि मग स्वतःच म्हणाली, "नको, बस नको, रिक्षा कर. आणि रिक्षावाल्याशी भांडत बसू नको, आज भांडायला वेळ नाही."

सव्वातीनला ते गेटमधून आत येताना दिसले. अंगावर शाळेत घालायचा तोच पांढरा शर्ट. हातात प्लास्टिकची फाइल, छातीशी धरलेली. ते पळत होते. माझे वडील कधी पळत नसत. गृहस्थ माणसानं पळू नये असं त्यांचं मत होतं. त्या प्रचंड शिळांच्या मधल्या वाटेनं तो मध्यमवयीन माणूस चपला वाजवत पळत येत होता.

खिडकीपाशी आल्यावर त्यांनी फाइल उघडली. श्वास लागला होता. बाबूंनी सर्टिफिकेट पाहिलं, शिक्का पाहिला, आणि फॉर्म भरायला घेतला. नाव. जन्मतारीख. मग मान वर न करता बारावीचं विचारलं, "इंटर में पर्सेंटेज?"

आमच्या मागं निदान वीस माणसं होती. मी हळू आवाजात सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णाच बोलले. खणखणीत, वर्गातल्या आवाजात.

"फिफ्टी फोर."

निकालापासून त्या दिवसापर्यंत तो आकडा त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. ज्या आवाजात ते फ्लेक्सवरच्या मुलांचे टक्के लोकांना सांगायचे, त्याच आवाजात त्यांनी माझे सांगितले. बाबूंनी लिहून घेतलं. त्यांना त्यात विशेष काहीच वाटलं नाही. मागं उभ्या असलेल्यांनाही नाही. फक्त आत्यानं चष्मा काढून पदरानं पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिली.

बाहेर आल्यावर आम्ही तिघं एका दगडाच्या सावलीत बसलो. आत्यानं पिशवीतून दहीभात काढला. अण्णा जेवले, आणि मग त्या शिळेवर हात ठेवून मला म्हणाले, "आपल्याकडचा दगड काळा असतो. हा असा गुलाबीसर कसा?"

"मला नाही माहीत, अण्णा."

"मग शिकून सांग," ते म्हणाले. "मलाही नाही माहीत."

त्यांना एखादी गोष्ट माहीत नाही, असं ते माझ्यासमोर पहिल्यांदाच म्हणाले होते.

शिकताना सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्याच सेमिस्टरला केमिस्ट्री राहिली. हॉस्टेलमधल्या मुली झपाझप तेलुगूत बोलायच्या आणि मी हसऱ्या चेहऱ्यानं बसून राहायचे. मेसमधल्या चारूला, म्हणजे तिथल्या रसमला, मी पहिले दोन महिने पातळ झालेली आमटी समजत होते. केमिस्ट्री राहिल्याचं मी अण्णांना पत्र लिहून कळवलं, कारण फोनवर सांगायची हिंमत नव्हती. चार दिवसांनी उत्तर आलं, एका ओळीचं. 'उत्तर चुकलं तरी चालेल, पायऱ्या सोडू नकोस.' हे वाक्य ते वर्गात दिवसातून दहा वेळा म्हणत. माझ्या एकटीसाठी त्यांनी ते पहिल्यांदा लिहिलं होतं. केमिस्ट्री पुढच्या खेपेला सुटली. दुसऱ्या वर्षी शिक्षक आम्हाला फिल्डवर घेऊन गेले, हातात हातोडी दिली, आणि मला कळलं की मी योग्य जागी आले आहे. त्यासाठी आधी बाकीच्या सगळ्या जागा भरून जाव्या लागल्या, एवढंच.

आज मी भूजलाच्या तपासणीचं काम करते. तेलंगणातल्या आणि आपल्या सीमेवरच्या गावांमध्ये जमिनीखाली पाणी कुठं असेल ते बघते. काळ्या दगडात पाणी वेगळं मुरतं, ग्रॅनाइटमध्ये वेगळं. अण्णांना मी ते समजावून सांगितलं आहे, आत्याच्या पद्धतीनं, त्यांना समजेपर्यंत.

हे वाचणाऱ्या उदगीरकरांनो, तुमच्यापैकी जे तिथंच राहिलात ते मला म्हणता, तू सुटलीस. आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात, पुण्याला, बंगळूरला, कुणी तर पार कॅनडाला, ते म्हणता, आपलं तिथं काही उरलं नाही. मला दोन्ही खरं वाटत नाही. मी सुटले वगैरे नाही. उदगीरच्या त्या क्लासमधला तिसरा बाक मला अजून आठवतो आणि त्याच्यावर माझा राग नाही. आणि तिथं काही उरलं नाही असं कसं म्हणू? दर मे महिन्यात तिथून फोन येतो.

फोन अण्णांचा असतो. निवृत्त झाले तरी क्लास चालू आहे, पण फ्लेक्स आता लावत नाहीत. आईनं विचारलं तेव्हा म्हणाले, खिळे गंजले. निकाल लागला की ते मला फोन करतात. "एक मुलगी आहे. एकोणसाठ. कष्टाळू आहे, बोलत नाही. तुझ्याकडं पाठवू का?" मग ती मुलगी येते. महिनाभर माझ्याकडं राहते, प्रवेश परीक्षेचा अभ्यास करते. कुणाला जागा मिळते, कुणाला नाही. एक परत गेली आणि नर्सिंगला लागली, तिचं छान चाललंय. आत्या आता माझ्याकडंच असते, ऐंशीच्या पुढं गेली आहे, नीट दिसत नाही. भाजी निवडता येत नाही म्हणून तिची चिडचिड होते. पण मुलगी पुस्तक घेऊन बसली की ती खुर्ची ओढून समोर बसते.

या जूनमध्ये अण्णा स्वतः एका मुलीला घेऊन आले. तिच्या घरचं कुणी यायला तयार नव्हतं. पाऊस नव्हता, उकाडा होता, दोघं घामाघूम होऊन आत आले. अण्णांनी चपला काढल्या, फ्रिज उघडून स्वतःच पाणी घेतलं, मुलीला दिलं, आणि पंख्याखालच्या खुर्चीत बसले. तेवढ्यात आईचा फोन आला. अण्णांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन स्पीकरवरच असतो.

"कुठपर्यंत आलात?"

"घरी पोचलो," अण्णा म्हणाले.

पलीकडं आई हसली. "घरी? मग मी कुठं बसलेय?"

आत्यानं मान वळवली, मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले, त्या नवीन मुलीनंही पेला खाली ठेवला. गणिताच्या मास्तरला जेवढा वेळ लागावा तेवढा त्यांनी घेतला.

"तूही घरीच आहेस," ते म्हणाले.